पोलोची चाकं, खारा वारा आणि सिरॅमिक पेस्टची छोटी ट्यूब

लिक्वी मोली या जर्मन कंपनीची सिरॅमिक पेस्ट, 50 ग्रॅमची ट्यूब. गाडीची चाकं हबवर, म्हणजे चाक ज्या लोखंडी बैठकीवर बोल्टने बसतं तिच्यावर, गंजाने धरून बसू नयेत म्हणून घेतली आणि अख्खा पावसाळा तिच्यावर काढला. मी समाधानी आहे आणि संपली की पुन्हा हीच घेईन. पण ही पेस्ट कुठे लावायची याच्याइतकंच ती कुठे लावायची नाही हे महत्त्वाचं आहे. ट्यूबवर ते नीटसं कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पशुवैद्य आहे, गुहागर तालुक्यात काम करते. गाडी फोक्सवॅगन पोलो, चाकण कारखान्यातली, अलॉय चाकांची. पालशेत, हेदवी, वेळणेश्वर, अंजनवेल ही माझी रोजची वाट, आणि दापोलीकडे काम निघालं की धोपाव्याहून फेरीने दाभोळला. फेरीबोटीत गाडी चढवताना-उतरवताना काय होतं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. उधाणाच्या भरतीला रॅम्पवर समुद्राचं पाणी असतं आणि पुढची दोन्ही चाकं त्यातूनच जातात. शिवाय पावसाळ्यात चार महिने गाडी वाळतच नाही, आणि उरलेले आठ महिने खारा वारा. खिडकीचे गज आणि सायकलची चेन जिथे दोन वर्षांत खाऊन जाते, तिथे गाडीच्या पोटात काय चाललेलं असेल याचा विचार आपण सहसा करत नाही.

मला तो विचार करावा लागला तो पालशेतच्या अलीकडे पंक्चर झालं तेव्हा. हेदवीला गाय अडली होती, वासराचा एक पाय मागे दुमडलेला, मालकाचे फोनवर फोन. मी जॅक लावला, पाचही बोल्ट काढले, आणि चाक जागचं हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं, टायरला लाथा घातल्या, काही नाही. रस्त्याने जाणारे दोघं थांबले. त्यातल्या एकाने चाकाच्या मागून हात फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "म्याडम, चाक धरलंनी हाय. असा सुटाचा नाय." त्यानेच मग बरोबर उपाय केला. बोल्ट पुन्हा हाताने घातले, पूर्ण न आवळता प्रत्येकी एखादा आटा ढिले ठेवले, गाडी जॅकवरून उतरवली, आणि सपाट रस्त्यावर मला दोन-चार हात पुढे-मागे घेऊन ब्रेक मारायला सांगितलं. कडाक आवाज आला आणि चाक सुटलं. हा उपाय खरोखर चालतो, पण सपाट जागीच आणि माणसाच्या चालीपेक्षा कमी वेगात. उतारावर कोणी करू नये. आणि जॅकवर टांगलेल्या गाडीला जोरजोरात लाथा घालणं तर मुळीच नको, गाडी जॅकवरून घसरते. वासरू जगलं. पण त्या गाईने माझी वाट बघत जास्तीचा जो वेळ कळा सोसल्या, त्याचं कारण बोटभर रुंदीची गंजाची एक पट्टी होती. हे मला फार लागलं.

चाक धरतं कसं, ते समजून घेतलं तर पेस्टचं काम कळतं. हबच्या मध्यभागी एक गोल कडा पुढे आलेली असते. चाकाचं मधलं भोक त्या कड्यावर अगदी नेमकं बसतं, पोलोत हे माप 57.1 मिलिमीटर आहे. चाक केंद्रात राहतं ते या कड्यामुळे, म्हणून तिथे फट जवळजवळ नसतेच. हब लोखंडाचा, चाक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये मिठाचं पाणी, म्हणजे बॅटरीच तयार झाली. त्यात ॲल्युमिनियम आधी झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी होते. हब आपल्या परीने गंजतोच. गंज असो की ती पांढरी भुकटी, दोन्ही मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतात. फट केसाएवढी, ती आतून भरत जाते आणि चाक कड्यावर पाचर मारल्यासारखं घट्ट होतं. बोल्ट काढले तरी ती पाचर तशीच.

बाजारात यावर तीन-चार गोष्टी सुचवल्या जातात. मी त्या वेगवेगळ्या चाकांना लावून पाहिल्या, कारण दुकानदार आणि मेकॅनिक दोघंही आपापलं ठासून सांगतात आणि कोणाचंच पटत नव्हतं. मिरगाच्या आधी चारही चाकं काढून हब सारख्याच निगुतीने घासले. पुढच्या डाव्या चाकाला ही सिरॅमिक पेस्ट. पुढच्या उजव्याला काही नाही, फक्त घासून पुसून कोरडं. मागच्या डाव्याला तांब्याची पूड असलेलं तांबूस रंगाचं कॉपर ग्रीस, मागच्या उजव्याला गॅरेजमध्ये बादलीत असतं ते साधं ग्रीस. नवरात्र झाल्यावर पुन्हा सगळी काढली.

साध्या ग्रीसचं चाक सुटलं, पण ग्रीस ब्रेकच्या उष्णतेने पातळ होऊन बाहेर ओघळलं होतं. रिमच्या आतल्या बाजूला काळे ओघळ, त्यावर लाल माती चिकटलेली. ते ओघळ ब्रेकच्या इतक्या जवळ पाहून मी लगेच सगळं पुसून काढलं. हबच्या जवळपास साधं ग्रीस नको, यावर माझं मत आता पक्कं आहे.

काहीच न लावलेलं चाक तळहाताने टायरवर दोन-तीन जोरदार दणके दिल्यावर सुटलं. कड्यावर लाल गंज परत आला होता. म्हणजे नुसत्या साफसफाईनेही एक पावसाळा निघतो, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कॉपर ग्रीसचं चाक सहज निघालं. पण चाकाच्या भोकाच्या काठावर पांढरी भुकटी धरायला लागली होती. तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं खाऱ्या पाण्यात पटत नाही, ॲल्युमिनियमच झिजतं. म्हणूनच अलॉय चाकांसाठी धातू नसलेली पेस्ट घ्या असं सांगतात. एका चाकावर एका मोसमात दिसलं त्यावरून मी कॉपर ग्रीस वाईट ठरवणार नाही. लोखंडी रिमवर ते उत्तम चालेल, कारण तिथे ॲल्युमिनियमच नाही. माझ्या अलॉयवर मात्र पुन्हा लावणार नाही.

सिरॅमिक पेस्टचं चाक शेवटचा बोल्ट काढताच हलकेच हातात आलं. कड्यावर पेस्ट होती तशी, फक्त बाहेरच्या काठाला थोडी धुपलेली. ओली बोटं फिरवली तरी निघत नव्हती. चाकाच्या भोकात पांढरी भुकटी नाही, हबवर नवा गंज नाही. याच चाकाने पुढे राहून फेरीच्या रॅम्पवरचं पाणी सगळ्यात जास्त खाल्लं होतं, हे धरलं तर मला याहून जास्त काही नको होतं.

पेस्ट दिसायला पांढरी, दंतमंजनापेक्षा घट्ट. तिच्यात धातूचे कण नसतात, म्हणून दोन धातूंमध्ये ती नवी भांडणं लावत नाही. कंपनी ती 1400 अंश सेल्सियसपर्यंत टिकते म्हणते. हबला तेवढी उष्णता कधीच मिळत नाही, पण घाट उतरून आल्यावर पुढचे ब्रेक हात लावता येणार नाही इतके तापतात आणि तिथे साधं ग्रीस का वितळतं आणि ही का नाही, हे त्या आकड्यावरून कळतं. रंग पांढरा असल्याने कुठे लागली, कुठे जास्त झाली ते लगेच दिसतं, हा मला मोठा गुण वाटतो. दोष म्हणाल तर किंमत. कॉपर ग्रीसच्या मानाने ती महाग आहे आणि आमच्या शृंगारतळीच्या बाजारात मिळत नाही, ऑनलाइन मागवावी लागते. पण चार चाकांना मिळून ट्यूबमधली थोडीशीच पेस्ट लागते, त्यामुळे एक ट्यूब घरातल्या दोन गाड्यांना कित्येक वर्षं पुरावी.

लावण्याआधीचं काम लांबलचक आहे आणि खरं काम तेच आहे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, समोरच्या चाकाला दगड. बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच जरासे ढिले करायचे, मग जॅक. काढलेलं चाक मी गाडीच्या खाली, दाराखालच्या कडेशी आडवं ठेवते, जॅक सुटला तर गाडी चाकावर पडेल, माझ्यावर नाही. मग हबच्या कड्यावरून हाताचा वायर ब्रश. ड्रिलला लावायचा ब्रश मिळतो, पण हातानेच घासावं असं माझं मत आहे. त्या कड्याचं माप नेमकं असतं आणि यंत्राने धातू खरवडला तर चाक सैल बसेल. चाकाच्या भोकातून मात्र लोखंडी ब्रश अजिबात फिरवू नये, ॲल्युमिनियम मऊ असतं. तिथे नायलॉनचा ब्रश किंवा भांडी घासायची हिरवी घासणी. पांढरी भुकटी निघून स्वच्छ धातू लागेपर्यंत घासायचं, मग कोरड्या फडक्याने पुसायचं. डिस्कला जागेवर धरणारा एक छोटा स्क्रू दिसेल, तोही गंजून अडतो. तो घट्ट असेल तर जबरदस्ती करू नका, त्याचं डोकं गुळगुळीत झालं की पुढे डिस्क बदलताना ड्रिल मारावं लागतं.

आता पेस्ट. हरभऱ्याच्या दाण्याएवढी, एका चाकाला पुरे. ती फक्त मधल्या गोल कड्यावर, बोटाने चोळून इतकी पातळ पसरायची की खालचा धातू थोडा दिसत राहील. हबचा सपाट भाग, जिथे चाक पाठ टेकून बसतं आणि जिथे बोल्टची भोकं आहेत, तो मी स्वच्छ आणि कोरडा ठेवते. काही जण तिथेही लावतात. माझं मन घेत नाही. गाडी चालताना-थांबताना सगळा जोर याच सपाट भागातल्या घर्षणावर जातो. बोल्ट चाकाला हबवर दाबून धरतात आणि पकड ते घर्षण देतं. तिथे निसरडं काही का घालायचं? डिस्कवर आणि ब्रेक पॅडच्या आसपास पेस्ट जाता कामा नये, हे तर उघडच आहे.

बोल्टच्या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. चाक धरतं म्हणून लोक बोल्टच्या आट्यांनाही ग्रीस फासतात. माझ्या ओळखीच्या दोघा-तिघांनी कौतुकाने सांगितलं की आम्ही तर बोल्ट ऑइलमध्ये बुडवूनच लावतो. पोलोच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय की चाकाचे बोल्ट आणि हबचे आटे स्वच्छ असावेत, त्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. त्याचं कारण पटण्यासारखं आहे. आपण पाना ओढतो तेव्हा त्या जोरातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, आणखी मोठा वाटा आट्यांच्या घर्षणात. बोल्ट ताणून चाक दाबायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. पोलोचे बोल्ट किती जोराने आवळायचे (म्हणजे टॉर्क) त्याचा आकडा, 120 न्यूटन मीटर, हा कोरड्या आट्यांसाठी आहे. आटे तेलकट केले की घर्षण घटतं आणि तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. आज काही होणार नाही. पण पुन:पुन्हा असा ताणलेला बोल्ट लांबतो, त्याची पकड ढासळते, आणि कधीतरी तो तुटतो.

मग गंजलेल्या बोल्टचं काय? मारुती, ह्युंदाईसारख्या गाड्यांत हबमधून दांडे बाहेर आलेले असतात आणि त्यावर नट बसतो. पोलोसारख्या गाड्यांत बोल्ट थेट हबच्या भोकात जातो, आणि ते भोक आरपार असतं. बोल्टचं टोक मागच्या बाजूला उघडं पडतं आणि त्यावर गंज चढतो, तो आपल्याला दिसतही नाही. काढताना तोच गंजलेला भाग हबच्या आट्यांतून ओढला जातो. म्हणून सुरुवातीला सहज फिरणारा बोल्ट मध्येच घट्ट होऊ लागला तर जोर लावू नका. अर्धा फेरा परत आत, मग पाऊण फेरा बाहेर, असं खेळवत काढा. अगदीच अडला तर मागच्या बाजूने गंज सोडवणारं तेल मारा, थोडा वेळ थांबा, आणि निघाल्यावर बोल्ट आणि भोक ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडं करा, म्हणजे तेल आत राहणार नाही. आट्यांवरून वायर ब्रश फिरवा. बोल्ट हाताने पूर्ण फिरला पाहिजे. न फिरल्यास, किंवा त्यावरचा लेप जाऊन तो खडबडीत लाल झाला असल्यास नवा घ्यावा. बोल्ट म्हणजे काही मोठा खर्च नाही. पोलोला एम 14, 1.5 पिचचा (14 मिलिमीटर जाडीचा, दोन आट्यांत 1.5 मिलिमीटर अंतराचा) बोल्ट लागतो आणि त्याच्या डोक्याखालचा भाग गोलाकार असतो. निमुळत्या बुडाचा बोल्ट दिसायला सारखाच असतो, आट्यांत बसतोही, पण चाकाच्या खाचेत नीट टेकत नाही. दुकानात हे जुना बोल्ट शेजारी धरून पाहून घ्या.

डब्ल्यूडी-40 या गंज सोडवणाऱ्या फवाऱ्याविषयी विचारलं जातं म्हणून सांगते. ते 1953 मध्ये अमेरिकेत क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून बनवलं, नावातच पाणी हटवणारं आणि 40 वा प्रयत्न असा अर्थ आहे. पाणी हटवायला, अडकलेलं सोडवायला ते चांगलंच. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहतो तो पातळ थर. चार महिने खारं पाणी झेलण्याचं काम त्याचं नव्हे. सोडवायला ते, टिकवायला पेस्ट.

आणि टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोराला पोचलं की कट्ट वाजून सांगणारा पाना. या सगळ्यात मी एकच गोष्ट घ्या म्हणून आग्रह करेन तर ती ही, पेस्टच्याही आधी. टायरच्या दुकानात हवेच्या गनने बोल्ट आवळतात, गन थांबेल तिथे काम झालं. रस्त्यावर पंक्चर काढणारा लांब पाइप लावून पान्यावर पाय देतो. हिशोब करून पाहा. अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला 24-25 किलोचा भार दिला की 120 न्यूटन मीटर होतात. 70 किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला की जवळजवळ तिप्पट. असा आवळलेला बोल्ट रात्री एकट्या बाईने गाडीतल्या छोट्या पान्याने कसा सोडवायचा? गनने आवळताना मी आता दुकानात स्पष्ट सांगते, "दादा, गन हलकी लावा, शेवटचं मी माझ्या पान्याने आवळते." पहिल्यांदा त्यांना ते अपमानासारखं वाटतं. नंतर तेच पाना हातात घेऊन बघतात. कट्ट आवाज करणारा साधा पाना, 17 नंबरचा पातळ भिंतीचा सॉकेट, एवढं पुरे. बोल्ट आधी हाताने फिरवून बसवायचे, मग एक सोडून एक असे ताऱ्यासारखे आवळायचे, गाडी जमिनीवर टेकवल्यावर शेवटचा कट्ट. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासायचं. काम झालं की पाना सगळ्यात कमी आकड्यावर फिरवून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग बिघडते.

पोलो, स्कोडा, जुनी पुंटो अशा बोल्टवाल्या गाड्या असतील तर आणखी एक छोटी गोष्ट घ्या, गाइड पिन. बोल्टच्याच आट्यांचा लांब दांडा असतो, तो वरच्या भोकात फिरवून ठेवायचा आणि चाक त्यावर टांगायचं. नाहीतर एका हाताने जड चाक पेलत दुसऱ्या हाताने भोक जुळवायचं, आणि त्या धडपडीत चाक हबवर आपटून पेस्ट पुसली जाते. आट्यांचं माप मात्र गाडीप्रमाणे पाहून घ्या, पुंटोचे आटे पोलोपेक्षा वेगळे आहेत.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी, फेरीने ये-जा करणाऱ्यांनी, कर्दे-मुरूडच्या वाळूत गाडी घालणाऱ्या पाहुण्यांना गाड्या भाड्याने देणाऱ्यांनी ही पेस्ट घ्यावी, आणि गणपतीत मुंबईहून गाडी घेऊन गावी येणाऱ्यांनी परत गेल्यावर निदान चाकांच्या मागून गोड्या पाण्याचा पाइप फिरवावा. पुणे-नाशिकला राहून कधीतरी समुद्र बघणाऱ्यांना ट्यूबवर खर्च करायची गरज मला वाटत नाही. टायरची अदलाबदल करताना हब घासून घेतला तरी त्यांचं काम भागतं. मीही आता दरवर्षी दोनदा चाकं काढते, मिरगाच्या आधी आणि दसऱ्यानंतर, आणि स्टेपनीही त्याच वेळी उतरवून पाहते. तिच्या मधल्या मोठ्या स्क्रूचे आटे बोल्टइतकेच गंजतात. तिथे मात्र ही पेस्ट बिनधास्त लावा, तिथे टॉर्कचा काही प्रश्न नाही.